हुकूम, विनंती आणि अदब

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याकरणातील आज्ञार्थ हा माझा आजचा विषय आहे. मोर्शीत बसून मी त्यासाठी फ्रेंच भाषेचे उदाहरण घेणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सेनेगल या देशांतील असंख्य मुसलमान शाळा-कचेऱ्यांत फ्रेंच वापरतात. हैदराबाद येथे 1908 साली जन्मलेले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकलेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी पॅरिसमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केले. त्यांनी केलेला कुरआन शरीफचा फ्रेंच अनुवाद 1959 साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही.

फ्रेंचमध्ये आज्ञार्थाची रूपे तीनच. लहानास किंवा मित्रास ‘एकूत’, म्हणजे ऐक. वडीलधाऱ्यास, अनोळखी माणसास किंवा अनेकांना ‘एकूते’, म्हणजे ऐका. स्वतःला धरून सर्वांना ‘एकूतों’, म्हणजे ऐकू या. या शब्दांचे आपल्या ‘ऐक’शी साम्य आहे, तो केवळ योगायोग, पण पाठांतराला सोयीचा आहे. आज्ञा करताना फ्रेंच माणूस ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ हा कर्ता बोलत नाही. लहान-थोर हा सारा भेद क्रियापदाच्या शेवटावर तोलला जातो.

आपल्याकडेही तसेच आहे. मराठीत ये, या, यावे. उर्दूत आ, आओ, आइए, आणि पुढच्या वेळेसाठी आइएगा. आपल्या वऱ्हाडीत ‘उद्या येजो’ म्हणतात, तोही पुढच्या वेळेचा आज्ञार्थच. भाषा गावची असो की दूरदेशीची, अदब शेवटच्या अक्षरात राहते.

येथेच आपल्या मुलांची अडचण होते. मराठीतील ‘तुम्ही’ आदराचा आहे. उर्दूतील ‘तुम’ बरोबरीच्याला किंवा लहानाला. मराठी शाळेतला मुलगा उर्दू बोलणाऱ्या बुजुर्गांना ‘तुम बैठो’ म्हणतो. त्याच्या मनात आदर असतो, ऐकणाऱ्याला मात्र बेअदबी वाटते. उलट, उर्दू शाळेतला मुलगा कचेरीत जाऊन ‘साहेब, माझा अर्ज घे’ म्हणतो. त्याच्या मनात उद्धटपणा नसतो. ‘घ्या’ म्हणायचे तेथे ‘घे’ आले, एवढेच. पण त्या एका रूपामुळे समोरचा माणूस कपाळाला आठी घालतो, आणि मुलगा पुन्हा त्या दारात जायला कचरतो. नोकरीच्या मुलाखतीत असे घडले तर नुकसान किती मोठे! हे संस्काराचे न्यून नव्हे, सरावाचे आहे. आणि सराव घरी व शाळेत सहज करून घेता येतो. घरात रोज दहा मिनिटे दुसऱ्या भाषेत बोलावे. चूक झाल्यास हसू नये, बरोबर रूप सांगावे.

विनंतीसाठी फ्रेंच माणूस आज्ञेला ‘सिल वू प्ले’ जोडतो. त्याचा शब्दशः अर्थ, आपल्याला रुचत असेल तर. हुकूम तोच, पण ऐकणाऱ्याच्या मर्जीचा मान राखला. आपल्या ‘कृपया’चे आणि ‘मेहरबानी करके’चे कामही हेच.

पालकांना एक विनंती आहे. हजरत पैगंबर साहेबांवर अवतरलेला पहिला शब्द ‘इकरा’, म्हणजे वाच, हा आज्ञार्थीच आहे. आपण मुलांना दिवसभर ‘अभ्यास कर, पुस्तक घे’ असे हुकूम देतो, आणि स्वतः मात्र ओट्यावर गप्पा मारतो. फ्रेंचमधील तिसरे रूप येथे उपयोगी पडेल. ‘वाच’ जरूर म्हणावे, पण कधी ‘चल, वाचू या’ असेही म्हणावे आणि खरोखर मुलाजवळ जाऊन बसावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून वाचून घ्यावे व ऐकावे. ज्या हुकमात हुकूम देणारा स्वतः सामील होतो, तो मुलांना जड वाटत नाही.