वाळवंटाच्या कडेला गरवायला जाताना

मस्कतला नोकरीनिमित्त राहणारी आपली मराठी मंडळी थंडी सुरू झाली की एक बेत हमखास आखतात. गुरुवारी ऑफिस सुटलं की गाडीत तंबू टाकायचा, गळ आणि तंगूस घ्यायचं आणि समुद्राकाठी दोन रात्री काढायच्या. त्यातल्या कोकणातल्या माणसाला तर वाटतं, समुद्र काय, आपलाच आहे. ते खोटं नाही. अरबी समुद्र तोच, सुरमई तीच, फक्त तिकडे तिला कनद म्हणतात. पण जरा पाठ फिरवून मागे बघा. आपल्याकडे किनाऱ्यामागे माड असतात, विहीर असते, चहाची टपरी असते. ओमानच्या किनाऱ्यामागे बऱ्याच ठिकाणी मैलोन् मैल खडक नाहीतर वाळू. म्हणून पहिल्या सहलीची तयारी गळापासून नाही, पाण्याच्या कॅनपासून करायची.

माणशी दिवसाला पिण्याचंच 5 लिटर धरा. चार जण शनिवारी परतणार असतील तर झाले 60 लिटर. स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ वेगळी. आणि सगळं पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. तो फुटला की सहल तिथेच संपली.

जाण्याचे दिवस ऑक्टोबर ते मार्च. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्येचे वारे जून ते ऑगस्टमध्ये रास अल हद्द या भूशिराच्या पलीकडचा किनारा अक्षरशः घुसळून काढतात. त्या घुसळणीत खालचं थंड पाणी वर येतं, माशांचं खाद्य वाढतं. तिकडच्या मासळीच्या सुबत्तेचं हे एक मोठं कारण. पण ते वारे वाहत असताना तिथे तंबू टिकायचा नाही.

पहिल्या खेपेला मासिरा बेट किंवा बार अल हिकमान डोक्यातून काढून टाका. त्या भागात सबखा असतो. वरून मिठाचा कडक पापुद्रा, खाली ओला चिखल. दिसायला क्रिकेटचं मैदान, पण गाडी मध्यावर गेली की पापुद्रा फुटतो आणि चाकं आसापर्यंत आत. त्यापेक्षा मस्कत-सूर रस्त्यावरचं फिन्स बरं. डांबरी रस्ता जवळ असतो आणि काही बिघडलं तर मदत लवकर मिळते. वाळूत उतरायचंच असेल तर टायरमधली हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत कमी करा, परत भरायला छोटा कॉम्प्रेसर घ्या, आणि शक्यतो दोन गाड्या न्या. पोलिसांचा आणीबाणीचा नंबर 9999, तो सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

तंबूची जागा निवडताना नव्या माणसाला दोन ठिकाणांचा मोह पडतो. पहिलं म्हणजे वादीचं कोरडं पात्र. सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोसा. तिथे मुळीच नाही. पाऊस पडतो दूर डोंगरात, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, आणि लोंढा येतो तेव्हा सामान आवरायलाही वेळ मिळत नाही. दुसरं म्हणजे अगदी पाण्यालगतची ओलसर, घट्ट वाळू. मुंबईत जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित मस्कतला जसंच्या तसं लागू पडत नाही, शिवाय तिथल्या दिवसभरातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच जा. मात्र अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे तिकडेही खरंच. दुपारी समुद्राने टाकलेल्या शेवाळाची सर्वांत वरची रेघ शोधा आणि तिच्याही बऱ्याच वर तंबू ठोका.

ठोका म्हटलं खरं, पण कोरड्या वाळूत खुंटी धरतच नाही. कापडी पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरून वर पाय देऊन दाबा. वारा कितीही ओढू दे, ती सहसा हलत नाही. तंबूवरचं बाहेरचं कापडही घाला, कारण वाळवंट असलं तरी समुद्राकाठी पहाटे असं दव पडतं की अंथरूण पिळून काढावं. शेकोटी विझवताना निखारे वाळूत पुरू नका. ते आत तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी एखादं पोर अनवाणी त्यावर पाय देतं. पाणी ओता, मग ते समुद्राचं का असेना.

आता मासे. हौशी मासेमारीचा परवाना आणि तंबूचे नियम निघण्याआधी विचारून घ्या, ते बदलत असतात. सुरमईला 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर बंदी असते. त्या काळात गळाला लागली तरी सोडून द्यायची. रास अल जिन्झचा किनारा हिरव्या कासवांच्या विणीसाठी राखीव आहे, तिथे ना तंबू, ना गळ. आमिषाला तारली किंवा म्हाकूल उत्तम, आणि वेळ संधिकाळची. उथळ पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत दडलेलं पाकट चाहुलीनं पळून जातं. तरी काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. एक थर्मास त्यासाठीच भरलेला ठेवावा.

मासा मिळाला की फोटो नंतर. आधी पोट साफ करा, रक्त धुवा आणि बर्फात ठेवा. कुपा आणि बांगड्याच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते मग कितीही तळा, उकळा, जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि सगळे म्हणतात मसाला तिखट झाला. बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी अधूनमधून काढून टाका, आणि पिण्याच्या बाटल्यांसाठी दुसरी पेटी ठेवा. नाहीतर दर दहा मिनिटांनी कुणीतरी झाकण उघडणार आणि दुपारपर्यंत बर्फ संपणार.