एक अबोल दुखणें



कांहीं दुखण्यांत वेदनेपेक्षां मौनच अधिक जाचक होतें. स्त्रियांच्या योनिमार्गांत होणारा बुरशीचा विकार हा अशांपैकींच एक. चार स्त्रियांपैकीं सुमारें तिघींना आयुष्यांत एकदां तरी तो होतो. तथापि घरांत त्याचा उच्चार क्वचितच ऐकूं येतो.

या बुरशीचें नांव 'कँडिडा'. ती अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरांतहि अल्प प्रमाणांत, निरुपद्रवीपणें वास करते. तेथील उपकारक जंतु तिला आवरून धरतात. प्रतिजैविक औषधें घेतल्यानें, गर्भारपणांत, किंवा मधुमेह आटोक्यांत नसल्यास हा तोल ढळतो. मग कंड सुटते, आग होते, आणि बहुधा दह्याच्या कवडीसारखें पांढरें अंगावरून जाऊं लागतें.

म्हणूनच या विकाराची गणना गुप्तरोगांत होत नाहीं. पुरुषाशीं कधींच संबंध न आलेल्या स्त्रीलाहि तो होऊं शकतो. तेव्हां त्यावरून पतीनें पत्नीच्या, किंवा पत्नीनें पतीच्या वर्तनाविषयीं संशय धरणें निराधार होय. पतीला त्रास नसेल तर त्याला सहसा औषध लागत नाहीं. शिश्नाग्रावर लाली वा कंड आल्यास मात्र त्यानेंहि डॉक्टरांस दाखवावें.

आतां सहवासाचा प्रश्न. या दिवसांत समागम केल्यानें मोठा अपाय होतो असें नाहीं. परंतु सुजलेल्या नाजुक त्वचेवर घर्षण होऊन आग व वेदना वाढतात. यास्तव उपचार पुरा होऊन त्रास शमेपर्यंत थांबणें हितावह. पत्नीनें "आतां नको" म्हटलें तर पतीनें तो रुसवा समजूं नये. आणि दांत-ओठ आवळून सोसणें हा पत्नीधर्म आहे, असें तिनेंहि मानूं नये. आणखी एक गोष्ट : योनींत ठेवावयाच्या कित्येक औषधी वड्या व मलमें यांतील स्निग्ध द्रव्यानें रबरी निरोध कमकुवत होतो. संततिनियमनासाठीं त्यावर विसंबणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

दाह शमविण्यास गार पाण्याची घडी व सैल सुती वस्त्रें उपयोगी पडतात. बाहेरून साध्या पाण्यानें धुवावें; आंत साबण वा जंतुनाशक द्रव्य घालूं नये, त्यानें तोल अधिकच बिघडतो.

हेझन व ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनीं 'निस्टॅटिन' हें बुरशीनाशक शोधून १९५० सालीं जाहीर केलें. आज 'क्लोट्रिमॅझोल'च्या वड्या, किंवा 'फ्लुकोनॅझोल'ची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी, बहुतेकींस पुरते. गर्भवतीनें ती गोळी टाळून डॉक्टरांच्या सल्ल्यानें वड्याच वापराव्या. विकार प्रथमच झाला असेल, दुर्गंधी, ताप वा ओटीपोटांत दुखणें असेल, तर तपासणी अवश्य करावी. वर्षांत तीनचार वेळां तो उलटल्यास रक्तांतील साखरहि पाहावी.

र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असे विषय मराठींत उघडपणें मांडले. त्यानंतर इतका काळ लोटला. आतां सुशिक्षित घरांत तरी पत्नीनें हें दुखणें पतीस निःसंकोच सांगावें, आणि त्यानें तें ऐकून तिच्यासमवेत दवाखान्याची पायरी चढावी.