छायाचित्राखालच्या चार ओळी
(पौड येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फ्लिकर हे छायाचित्रांचे संकेतस्थळ २००४ साली कॅनडात कसे जन्मले आणि पुढल्याच वर्षी याहूच्या मालकीचे कसे झाले, ही हकीकत आपणांस विदितच आहे. माझे म्हणणे एकच, की अशा संकेतस्थळाचा प्राण चित्रात नसून चित्राखालच्या मजकुरात असतो. ताम्हिणी घाटातील एखाद्या अनोळखी फुलाचे चित्र आपण रात्री तेथे ठेवावे आणि सकाळी पाहावे तो कुणा दूरस्थ अभ्यासकाने त्याखाली वनस्पतीचे नाव, कुळ आणि बहराचा हंगाम लिहून ठेवलेला असावा, हा जो निरपेक्ष विद्याव्यवहार, त्याच्या ओढीने माणसे तेथे जात. म्हणूनच मे २०१३ मध्ये रचना पालटून चित्रे एकमेकांना खेटून मांडली गेली आणि शीर्षके सहजी दिसेनाशी झाली, तेव्हा जुन्या सभासदांनी केलेली तक्रार मला सर्वथा रास्त वाटते.

(‘पण जागा तर फुकट मिळाली!’ असा सभागृहातून आवाज. हशा.)

मिळाली; एक टेराबाइट मिळाली. परंतु २०१८ साली स्मगमग या कंपनीने ते संकेतस्थळ विकत घेतले आणि विनामूल्य खात्यास हजार चित्रांची मर्यादा घातली, तेव्हा त्या औदार्याची मुदत संपली. नकाशावर गावोगावची चित्रे दाखवणारे पॅनोरामियो तर २०१६ मध्ये बंदच झाले.

येथे मला किंचित विषयांतर करू द्या. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या आणि विनायकराव भुस्कुट्यांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला, त्या टाटांच्या धरणात जमीन गेलेल्या या मुळशी तालुक्यातील एका घरी मला एक जुने छायाचित्र दाखवण्यात आले. पागोटे घातलेला एक गृहस्थ, शेजारी बैलजोडी, मागे भाताची खाचरे. वाळवी लागली नव्हती, रंगही फारसा विटला नव्हता. परंतु मागे ना नाव, ना गाव, ना साल. घरातील वृद्ध आजी म्हणाल्या, ‘आमच्यातलाच कुणीतरी असंल, बाबा.’ ती खाचरे पाण्याखाली गेलेली, की काठावर उरलेली, हे सांगणारा घरात कुणी नव्हता. मालक बदलला नाही, नियम बदलला नाही, तरी ते चित्र मुके झाले. कारण त्याच्यासोबत चार ओळी ठेवण्याची तजवीज कुणी केली नव्हती.

(टाळ्या.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. तेव्हा मालकी हक्क आणि कायदा यांविषयी योजलेला भाग सोडतो. आता फ्लिकरकडे वळून शेवटचे एवढेच सांगतो: तेथील बदलांच्या रागाच्या भरात खाती मोडून निघून जाऊ नका. तसे केल्याने दुसऱ्याने आपल्या चित्राखाली लिहिलेले ज्ञानही नष्ट होते. मूळ प्रती आणि त्यांखालचा मजकूर दोन्ही उतरवून घ्या, त्यांवर स्थळ, तारीख आणि नाव घाला, आणि जी चित्रे सर्वांची व्हावीत असे वाटते ती मुक्त परवान्याखाली द्या. हजारांच्या मर्यादेपायी चित्रे काढून टाकण्याच्या निर्णयातून तशी चित्रे वगळण्यात आली होती. आणि घरी जाऊन, वडीलधारी मंडळी आहेत तोवर, भिंतीवरच्या प्रत्येक छायाचित्रामागे नाव लिहा.