परत आलेला वॉकर

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ असं कार्यकारिणीने सांगितलं. चौतीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केल्यावर आरोग्यावर ‘काहीतरी’ बोलणं अगदी सोपं असतं. चाला, कमी खा, जिना चढा. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही ते करणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मी आज आपल्या गच्चीवरच्या सामानाबद्दल बोलणार आहे.

रंगकामाच्या आधी गच्ची रिकामी केली तेव्हा पाण्याच्या टाकीमागे काय काय निघालं याची यादी सेक्रेटरीसाहेबांकडे आहे. सायकली, कुलर, एक पाळणा, ते सोडा. चार वॉकर, कुबड्यांच्या दोन जोड्या, तीन कमोड-खुर्च्या आणि एक व्हीलचेअर. पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीत किती गुडघे बदलले, किती खुबे मोडले, याचा हा हिशेबच म्हणायचा. भंगारवाल्याने ॲल्युमिनियमचा भाव चांगला सांगितला होता आणि सौदा जवळजवळ ठरलाही होता. मी म्हटलं, आठ दिवस थांबा.

त्याचं कारण असं. त्याच आठवड्यात आपल्याकडे तीन घरी पोळ्यांना येणाऱ्या मावशींचे यजमान घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कागदावर लिहिलं होतं, ‘वॉकरने चालणे’. वॉकर कुठून आणायचा ते कागदावर नव्हतं. हजार-दीड हजाराची वस्तू. ऑपरेशनच्या खर्चापुढे काहीच नाही, पण ऑपरेशनला जमवलेले पैसे संपल्यावर पुष्कळ. ते गृहस्थ घरी भिंतीला धरून, मुलाच्या खांद्यावर भार टाकून संडासापर्यंत जात होते. म्हणजे दुसऱ्यांदा पडण्याची पूर्ण तयारी. आणि आपल्या डोक्यावर, चौथ्या मजल्याच्या वर, चार वॉकर ऊन खात उभे होते.

तुम्ही म्हणाल, मग हे वॉकर ज्या त्या वेळी हॉस्पिटलला परत का दिले नाहीत? आपल्यापैकी एकजण गेले होते. वडिलांचा वॉकर धुऊन-पुसून, रिक्षात घालून. ‘आम्ही परत घेत नाही’ असं उत्तर मिळालं आणि रिक्षाचं भाडं दोन्ही बाजूंचं पडलं. मी त्या हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, कारण मी जिथे जिथे नोकरी केली तिथेही परत घेण्याची रीतसर सोय नव्हती. आपल्याकडे वॉकर बिलात लागतो किंवा बाहेरच्या दुकानातून येतो. एकदा विकला की तो तुमचा. परत घ्यायचा तर ठेवायचा कुठे, धुवायचा कोणी, तपासून सही कोणी करायची? आणि उद्या तो मोडून कोणी पडलं तर जबाबदार कोण? हे प्रश्न काढणारी माणसं मूर्ख नसतात. मी स्वतः मीटिंगांमध्ये हे प्रश्न ऐकले आहेत आणि त्यांतला शेवटचा प्रश्न मला आजही खरा वाटतो.

सगळ्यांना पहिली भीती वाटते ती संसर्गाची. गंमत अशी की तीच सगळ्यात कमी खरी आहे. अर्ल स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने रुग्णालयातल्या वस्तूंचे तीन वर्ग पाडले. शरीराच्या आत, रक्तात जाणाऱ्या. तोंड-घसा अशा ओल्या आवरणाला लागणाऱ्या. आणि फक्त धड कातडीला लागणाऱ्या. जगभरची रुग्णालयं आजही हीच विभागणी वापरतात. पहिल्या वर्गाला निर्जंतुकीकरण हवंच. कुबडी, काठी, वॉकर तिसऱ्या वर्गात येतात. साबणाच्या पाण्याने नीट धुवा, वाळवा, मग मुठींना आणि नळ्यांना ७० टक्के अल्कोहोलने पुसा. एवढं पुरतं. ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, ॲल्युमिनियमला ते खातं. मात्र फोमच्या मुठी, काखेतल्या स्पंजच्या गाद्या, व्हीलचेअरची फाटलेली उशी यांत घाम आणि घाण मुरते, ती धुऊन निघत नाही. ती काढायची, फेकायची, नवी घालायची. कमोड-खुर्चीचं भांडंही तसंच.

खरी भीती मोडण्याची. मावशींसाठी मी गच्चीवरून जो पहिला वॉकर उचलला तो दिसायला चारांत उत्तम होता. उंची कमी-जास्त करण्यासाठी पायाला भोकं असतात ना, ज्यात ते बटण टिचकन बसतं, त्यातल्या एका भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर गेली होती. नख फिरवल्यावर लागली. ॲल्युमिनियम वाकण्याआधी फारशी सूचना देत नाही. भार पडत पडत थकतं आणि एक दिवस तुटतं. दुसऱ्या वॉकरची चारही रबरं उन्हाने तडकलेली, एक तर गुळगुळीत. ओल्या फरशीवर तो वॉकर म्हणजे घसरगुंडी. तेव्हा ‘द्या हो, गरिबाला उपयोगी पडेल’ म्हणून न बघता देऊन टाकणं मला फेकण्यापेक्षा वाईट वाटतं. चीर गेलेला वॉकर भंगारातच गेला. तिसरा चांगला निघाला. त्याला नवी रबरं घातली, यजमानांना उभं करून मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला आणली, मग दिला.

ही उंचीची गोष्ट जरा सांगते, कारण घरोघरी हेच चुकतं. सासऱ्यांची काठी सासूबाईंना जशीच्या तशी देतात. हात सैल सोडून ताठ उभं राहायचं. मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. कुबडी काखेत रुतवायची नसते, काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. भार हातावर घ्यायचा. काखेवर लटकत चाललं तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडल्याचं मी पाहिलेलं आहे. वस्तू दुसऱ्याला देता येते, माप देता येत नाही.

काही वस्तू मुळातच दुसऱ्याच्या होत नाहीत. आपल्या पुण्यात १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी आर्टिफिशियल लिम्ब सेंटर सुरू झालं. तिथे काय किंवा जयपूर फूटच्या शिबिरात काय, कृत्रिम पायाची वाटी त्या माणसाच्या उरलेल्या पायाचा साचा घेऊन बनते. ती दुसऱ्याला चालवायला गेलात तर जखमा होतील. पोलिओच्या मुलांची कॅलिपरं तशीच. मूल वाढलं की आखूड पडायची, आणि ती दुसऱ्या मुलाला ठोकून-ठाकून बसवण्याचा मोह टाळावा लागायचा. म्हणून ‘परत घ्या’ किंवा ‘परत घेऊ नका’ असा एकच शिक्का सगळ्यावर मारता येत नाही.

बाहेर काय चाललंय? इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा कुबड्या-वॉकर रुग्णाला देते. वर्षानुवर्षं त्या लोकांच्या माळ्यावर पडून राहायच्या. परत आणल्या तरी बऱ्याच ठिकाणी घेत नसत. २०२२ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेने रुग्णालयांना सांगितलं की परत घ्या, तपासा, वापरा. नाहीच चालली तर धातू वितळवायला पाठवा. श्रीमंत देशाला हे सुचायला इतका वेळ लागला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अहवालात आलं की जगात अडीच अब्जांहून जास्त लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत एखादं तरी सहाय्यक साधन लागतं, आणि जवळजवळ एक अब्ज लोकांना ते मिळतच नाही. मावशींचे यजमान त्या अब्जातले एक होते, आठ दिवस.

आपल्याकडे हे काम रुग्णालयांच्या बाहेर मात्र कधीपासून चालू आहे. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं महाराष्ट्रभर आहेत. अनामत ठेवा, नाममात्र भाडं द्या, पलंग-वॉकर-व्हीलचेअर न्या, काम झालं की परत आणा. कित्येक गणेश मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघही हे करतात. तिथे अनामत असते म्हणून वस्तू परत येते, हे माझ्या मते त्यातलं मर्म. फुकट दिलेली वस्तू माळ्यावर जाते.

मग रुग्णालयांनी करावं का? माझं मत, करावं. निदान ज्यांच्याकडे फिजिओथेरपी विभाग आहे त्यांनी तरी. तपासायला लागणारे हात आणि डोळे तिथेच आहेत. एका वॉकरला दहा मिनिटं लागतात. डिस्चार्जच्या वेळी अनामत घ्यावी, परत आणल्यावर द्यावी. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. पण घरी न्यायचा वॉकर बहुतेकदा नातेवाइकांनाच शोधावा लागतो, हा माझा अनुभव. एक अट मात्र मी घालीन. जुनी वस्तू फक्त गरिबांना आणि नवी बाकीच्यांना, असं नको. तपासून चांगली ठरली तर ती डीलक्स खोलीतल्या रुग्णालाही द्यावी. तिथे द्यायला लाज वाटत असेल तर ती तपासणीच खोटी समजावी.

आता आपल्या मनातली खरी अडचण. गच्चीवरचे वॉकर तिथे का गेले? हॉस्पिटलने घेतले नाहीत हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की ज्यांचे होते त्यातले काहीजण गेले, आणि ती वस्तू घरात डोळ्यांसमोर नको, टाकवतही नाही, आणि दुसऱ्याला कशी द्यायची, अपशकुन मानतील. मी हे हसण्यावारी नेत नाही. माझ्या यजमानांची काठी दोन वर्षं दाराआड तशीच होती. पण तेराव्याला आपण छत्री, काठी, चपला दान देतोच की. आणि माझ्या सासूबाई सांगायच्या, १९६१ला पानशेतच्या पुराचं पाणी आपल्या पेठेत शिरलं, ते ओसरल्यावर वाड्यातल्या निम्म्या बिऱ्हाडांनी कुणाकुणाची अंथरुणं वापरली. कोणाची, हे विचारायला सवड नव्हती.

तर कार्यकारिणीने मान्य केलेलं सांगते. जिन्याखालच्या मीटररूमशेजारचं कपाट या सामानाला मिळालं आहे. एक वही ठेवली आहे. पाचशे रुपये अनामत, सभासद असो, भाडेकरू असो की कामाला येणारं कोणी, भाडं नाही. नेताना आणि परत येताना वस्तू मी किंवा तिसऱ्या मजल्यावरचे आपले निवृत्त इंजिनिअर तपासणार आणि वहीत सही करणार. चीर, वाकलेली नळी, न लागणारा ब्रेक यांतलं काही दिसलं तर ती वस्तू त्याच दिवशी भंगारात, चर्चा नाही. माझे गुडघे पाहता आणखी दोघा तरुणांनी हे शिकून घ्यावं. रविवारी सकाळी अर्धा तास पुरेल. २०२१ मध्ये आपण वर्गणी काढून घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र या कपाटात येणार नाही. तो कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्यावा लागेल, त्याचं वेगळं बघू.

कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी १ ते ४ सोडून केव्हाही बेल वाजवा. मोडलेल्या पायासाठी त्या वेळातही वाजवलीत तरी चालेल. मावशींच्या यजमानांचा वॉकर गेल्या सोमवारी परत आला, ते आता काठीवर आहेत. आणि ती व्हीलचेअर कोणाची हे अजून कोणी सांगितलेलं नाही. ब्रेक दुरुस्त झाला आहे, उशी तेवढी नवी आणायची आहे. ज्यांची असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, म्हणजे वहीत नोंद करता येईल.