घरच्या संगणकाची राखण



या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकले, राजकारण ऐकले. आज घरच्या टेबलावरील संगणकाला जडणाऱ्या रोगावर बोलावयाचे आहे. विषय हलका वाटेल. आम्हांसही तो हलकाच वाटत असे; परंतु २०१९ साली आमच्या घरी जे घडले, त्यानंतर तसे वाटेनासे झाले.

आमच्या आईला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. दोन उन्हाळे तिच्यापाशी बसून आम्ही त्या ध्वनिमुद्रित केल्या, उतरवून काढल्या आणि सारे काही एकाच संगणकात ठेविले. पुढे आई गेली. एके दिवशी सकाळी संगणक उघडून पाहतो, तो प्रत्येक फाइलीच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटलेले, एकही फाइल उघडेना, आणि सोबत इंग्रजीत चिठ्ठी: किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा!

हा चोर कोणत्या वाटेने आला? आम्हीच त्याला घरात घेतले होते. छायाचित्रे दुरुस्त करण्याचा एक महागडा प्रोग्रॅम कोठेसा फुकट मिळतो असे दिसले, तो आम्ही उतरवून घेतला. तो चालू करण्यापूर्वी विषाणुरोधक प्रोग्रॅम घटकाभर बंद ठेवा, अशी सूचना होती. तीही आम्ही निमूटपणे पाळली. पहारेकऱ्याला आपणच सुट्टी दिली, मग दोष कोणाला द्यावयाचा?

आता थोडा इतिहास. स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसविणारा प्रोग्रॅम तो विषाणू. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला. त्यात त्या भावांची नावे, पत्ता आणि टेलिफोन नंबरदेखील होता! आजच्या चोरांकडून एवढ्या सभ्यतेची अपेक्षा करू नये. पुढे याच रोगावर औषध काढणारे दोन भाऊ आपल्या पुण्यास निघाले. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे संजय संगणक शिकले आणि त्यांनी विषाणुरोधक प्रोग्रॅम लिहिला. ‘क्विक हील’ तो हाच.

विषाणूचे भाऊबंद दोन. पहिला कृमी, त्याला कोणी आणावा लागत नाही, जाळ्यातून तो आपण होऊन सरपटत येतो. १२ मे २०१७ रोजी सुटलेला ‘वॉनाक्राय’ हा असाच कृमी होता. सुमारे दीडशे देशांतील संगणकांना त्याने कुलपे घातली. इंग्लंडात तर रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविण्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, पाठविली होती. ज्यांनी ती बसविली त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. तेव्हा संगणक ‘अपडेट करू का?’ असे विचारतो, त्या वेळी ‘नंतर’ म्हणण्याची आपली सवय फार महाग पडते. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ते अद्याप वापरणाऱ्यांनी पुढची सोय पाहावी.

दुसरा भाऊबंद अधिक कपटी. सीतेच्या दारी रावण रावण म्हणून आला नाही, भिक्षेकऱ्याच्या वेषात आला. आमच्या घरी आला तो याच जातीचा. २००० सालच्या मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ अशा मथळ्याची पत्रे जगभर हिंडली. सोबतच्या फाइलीच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि नंतर ‘व्हीबीएस’ अशी दोन आडनावे होती. विंडोज शेवटचे आडनाव लपविते, म्हणून प्रोग्रॅम असूनही ते साधे पत्र वाटले, आणि शहाण्यासुरत्या माणसांनी ते उघडले. फाइलींची आडनावे दिसतील अशी व्यवस्था संगणकात करता येते, ती करावी.

विषाणुरोधक अर्थातच असावा. विंडोजबरोबर ‘डिफेंडर’ आयताच मिळतो आणि आमच्या मते घरापुरता तो पुरतो. नित्याच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते ठेवावे. दुकानातून छापून आणलेल्या कागदांबरोबर परत येणारा पेन ड्राइव्ह आधी तपासावा. परंतु हे सारे करूनही एखादे दिवशी चूक होतेच, आणि त्या दिवशी उपयोगी पडते ती एकच गोष्ट: दुसरी प्रत. ती वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच वायर काढून ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कला तेच कुलूप बसते. आमच्या डिस्कला बसले.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: खंडणी द्यावी काय? आम्ही दिली नाही. पैसे घेऊन चोर किल्ली देईलच याची हमी कोण देणार? प्रथम जाळ्याची वायर काढावी आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार करावी. २०१६ साली युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांनी काही कंपन्यांसह ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची सोय सुरू केली. सापडलेल्या किल्ल्या तेथे फुकट मिळतात. सगळ्याच कुलपांच्या मिळत नाहीत. आमच्या कुलपाची अजून मिळाली नाही.

बहिणीला वाचावयास पाठविल्या होत्या तेवढ्या एकशेचाळीस ओव्या परत आल्या, त्याही कागदावर. आईचा आवाज त्या बंद फाइलींतच आहे. आम्ही त्या पुसलेल्या नाहीत. निराळ्या डिस्कवर घालून कपाटात ठेवल्या आहेत, आणि दर सहा महिन्यांनी किल्ली आली का ते पाहतो.