केसपेपरवरचा रकाना



मी डॉक्टर नाही. गावोगावी बायकांच्या बैठका घेते. तिथं बायका पदर सारून मान दाखवतात, म्हणून आज बोलते आहे.

मान, पापण्या, कानामागची जागा, कोपराची लवण. कातडी काळी, जाड, भेगाळलेली. रात्रभर खाज. एका बाईची पापणी सुजून डोळाच मिटला होता. कुणीतरी महारोग म्हणालं आणि सासूनं तिचं ताट वेगळं केलं. ती मला विचारते, "ताई, मी काय पाप केलं?"

पाप कसलं? ती रोजानं दुसऱ्याच्या रानात गाजरगवत उपटत होती.

हेच काँग्रेस गवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची काहींना ॲलर्जी होते. वाळलेल्या गवताची धूळ उडून तोंडावर बसते, त्यामुळे हात न लावताही चेहरा सुजतो. एकीचा आजार दुसरीला लागत नाही. एवढंच सांगायला मी त्या सासूकडे दोनदा गेले!

डॉक्टरी पुस्तकं सांगतात, हा आजार पुरुषांत जास्त. असेलही. पण ही गणती दवाखान्यात पोचलेल्यांची. खुरपणी-निंदणी कोण करतं? आणि खाजेसाठी रोज बुडवून एस.टी.नं तालुक्याला कोण जातं? खाज अंगावर काढणारी बाई कुठल्या गणतीत येते?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत कामामुळे होणारे त्वचारोग होते. पण अट अशी, की एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम हवं. आज या बांधावर, उद्या त्या बांधावर जाणाऱ्या बाईनं ते कुठून दाखवायचं?

फुलं येण्याआधी, ओल असताना गवत मुळासकट उपटावं, हात-तोंड झाकावं, घरी येताच अंग धुवावं, लुगडं बदलावं. हे सगळ्या सांगतात, मीही सांगते. पण हातमोजे मालकानं द्यावेत, हे मजुरी ठरवतानाच बोललं पाहिजे. आणि ज्या बाईला एकदा त्रास झाला, तिला त्या कामावरून काढून दुसरं द्यावं, रोज न कापता.

त्या बाईला आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात कारकुनानं न विचारताच 'घरकाम' लिहिलं. आम्ही कागद परत सरकवला. बरीच हुज्जत झाली, मागची रांग ओरडायला लागली. शेवटी त्यानं ते खोडून 'शेतमजूर' लिहिलं, आणि मगच आम्ही आत गेलो.