उठता येईल अशी खुर्ची

(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांच्या छंदांवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



बँकेत होतो तोवर 'खुर्ची' म्हणजे माझ्या लेखी फक्त पोस्ट. निवृत्तीनंतर अर्थ बदलला. गेली काही वर्षं मी बाल्कनीत हौशी सुतारकाम करतो. खालच्या-वरच्या मजल्यावरची मंडळी ती खटखट सहन करतात, त्यांचे आधी आभार. आज एकाच खुर्चीबद्दल सांगणार आहे.

आमच्या सौ.चे गुडघे दुखतात. सोफ्यावरून उठताना कुणाचा तरी हात लागायचा. हळूहळू तिनं हॉलमध्ये बसणंच सोडलं. पाहुणे आले तरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. "चारचौघांत मला ओढून उठवायला नको," असं तिचं म्हणणं. दुकानांतून पाच-सहा खुर्च्या पाहिल्या. दिसायला छान, पण सगळ्या बसण्यासाठी केलेल्या. उठण्याचा विचार कुणी केलेला नव्हता. म्हटलं, आपणच करू.

आधी माप. तिला स्टुलावर बसवून तळव्यापासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत मोजलं: 16 इंच. बैठक त्याहून दोन इंच उंच ठेवायची ठरवली. सोफा मोजला, तर बसल्यावर जेमतेम 13! निम्मं उत्तर तिथंच मिळालं. खुर्चीचे हात बैठकीपासून 8 इंच वर आणि थेट पुढच्या पायांपर्यंत आणले, कारण उठताना जोर त्यांच्यावरच येतो. पुढच्या पायांमध्ये आडवी पट्टी घेतली नाही. उठताना आपण पाऊल मागे, खुर्चीखाली घेतो. पट्टी असली की टाच अडते. करून पाहा आत्ता, बसल्या जागी.

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणलं. जुनं सागवान, सव्वा घनफूट. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, नंतर आक्रसून सांधे सैल होत नाहीत. मात्र त्यातला खिळा न् खिळा आधी उपटायचा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच समजा. सांधे नुसत्या स्क्रूवर ठेवले नाहीत. आडव्या लाकडाचं टोक बारीक करून पायातल्या खाचेत फेव्हिकॉल लावून बसवलं आणि क्लॅम्पनं रात्रभर आवळून ठेवलं. रोज रेलून बसलं की स्क्रूची भोकं मोठी होतात. खाचेतल्या टोकाला लाकूडच चारी बाजूंनी धरून ठेवतं. बैठकीची चौकट तिरकी नाही ना, हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले की टॅली!

मग गादीकाम. खाली आडवे-उभे विणून ताणलेले पट्टे, वर 3 इंच फोम. फोम घेताना डेन्सिटी विचारा. 40 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. हलका फोम स्वस्त पडतो, पण लवकर दबतो आणि मोजूनमापून ठेवलेली उंची त्याबरोबर जाते. रेक्झीन मुद्दाम टाळलं, उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. जाड सुती कापड घेतलं. चारी बाजूंच्या मध्यावर आधी एकेक पिन, मग समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे जायचं. एकाच टोकापासून ठोकत गेलं तर कापडाच्या रेघा वाकड्या होतात. कोपऱ्याच्या चुण्या खालच्या अंगाला दुमडल्या, की झालं.

दीड महिना लागला. सौ. बसली, दोन्ही हातांवर जोर दिला आणि उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. बोलली काहीच नाही. संध्याकाळी मात्र शेजारच्या वहिनींना स्वतः फोन करून चहाला बोलावलं.

आता मुद्द्याचं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा बहुतेकजण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होतो. बागेतले बाक मात्र तेच आहेत, बुटके आणि बिनहाताचे. या हॉलमधल्या खुर्च्यांनाही हात नाहीत. आजसुद्धा मागे भिंतीला टेकून काहीजणी उभ्या आहेत. जागा नाही म्हणून नव्हे. बसलो तर उठवायला कोण, म्हणून.

कार्यकारिणीला एवढीच विनंती, नवे बाक घेताना कोटेशन मागवण्याआधी टेप घेऊन बागेत या. 18 इंच उंची आणि दोन्ही बाजूंना हात, एवढं पाहा. आणि आहेत त्याच बाकांना हात बसवायचे ठरलं, तर लाकूड सोसायटीचं, मजुरी माझी. व्हाउचर करायची गरज नाही.